क्रेडिट्समध्ये नसलेला माणूस

डी'अँजेलोचा 'व्हूडू' हा अल्बम जानेवारी २०००मध्ये आला. त्याच्याबद्दल बोलणं निघालं की दोन गोष्टी हमखास येतात. एक, 'अनटायटल्ड'च्या व्हिडिओतलं त्याचं उघडं शरीर. दोन, यातले ड्रम्स 'दारू प्यायल्यासारखे' वाजतात. पहिल्या गोष्टीने त्या माणसाचं पुरेसं नुकसान केलं आहे. दुसरी मला चुकीची वाटते.

हेडफोन लावून 'चिकन ग्रीस' ऐका. ड्रम्सवर क्वेस्टलव, बासवर पिनो पॅलाडिनो. बासचा सूर जिथे येईल असं वाटतं, तिथून तो केसभर मागे येतो. पायाने ठेका धरायला जावं तर पाय आधी पोचतो आणि गाणं मागून निवांत चालत येतं. घरात शास्त्रीय संगीत ऐकणारं कोणी असेल तर त्यांना ऐकवून बघा. लय मागे ओढून धरणं त्यांना नवं वाटणार नाही. क्वेस्टलवला मात्र ते नवीन होतं. 'द रूट्स' या हिप हॉप बँडचा हा ड्रमर, आणि हिप हॉपमध्ये ड्रम्स म्हणजे यंत्रातून येणारे, घड्याळासारखे. खऱ्या ड्रम्सवर बसून यंत्रासारखं काटेकोर वाजवायचं, हे त्याने वर्षानुवर्षं घोटलं होतं. मग त्याने डेट्रॉइटच्या एका पोराच्या बीट्स ऐकल्या. त्या यंत्रावर केलेल्या होत्या आणि जराही काटेकोर नव्हत्या.

तो पोरगा म्हणजे जेम्स यान्सी, जे डिला. त्याचं यंत्र एमपीसी. आज ते वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे. या यंत्रात बोटाने मारलेला ठोका मागेपुढे पडला तर तो सरळ रेषेत आणून बसवायची सोय असते. डिलाने ती सोय बंद केली आणि संगीतात 'माणूसपण' आलं, असं सांगितलं जातं. गोष्ट गोड आहे, पण अर्धवट. डॅन चार्नसने 'डिला टाइम' या पुस्तकात (२०२२) दाखवून दिलंय की डिला यंत्राच्या सोयी उलट जास्त बारकाईने वापरायचा. हाय-हॅट सरळ ठेवायची, स्नेअर किंचित आधी सरकवायचा, किक उशिरा पाडायचा. एकाच गाण्यात दोन-तीन घड्याळं चालवायची. यात नशा कुठे आहे? हा हिशोब आहे.

हा हिशोब माणसांच्या हातात कसा उतरला, ते 'व्हूडू'त ऐकू येतं. जिमी हेंड्रिक्सने न्यूयॉर्कमध्ये बांधलेल्या 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओत ही मंडळी तेव्हा मुक्कामालाच होती. प्रिन्स, जेम्स ब्राऊन यांच्या जुन्या व्हिडिओ टेप बघायच्या, मग त्यांचीच गाणी तासन्‌तास वाजवायची, त्यातून कधीतरी आपली चाल सुटायची. एरिका बडूचा 'मामाज गन' आणि कॉमनचा 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' इथेच, त्याच काळात आकाराला आले. 'चिकन ग्रीस' खरं तर कॉमनसाठी होतं. डी'अँजेलोला ते सोडवेना, म्हणून त्या बदल्यात त्याने कॉमनला दुसरं गाणं दिलं. शेजारी वाटीची देवाणघेवाण करतात तसं.

आज 'कोलॅब' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नावापुढचं 'फीट.' येतं. 'व्हूडू'वर तेही आहे: 'लेफ्ट अँड राइट'मध्ये मेथड मॅन आणि रेडमन. माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात उसनं वाटणारं गाणं हेच. दोघं येतात, आपापला भाग म्हणतात, निघून जातात. आणि ज्याची चाल सगळ्या अल्बमच्या अंगात भिनली आहे, त्या डिलाला 'व्हूडू'वर निर्माता म्हणून अधिकृत क्रेडिटच नाही.

तर मग 'व्हूडू' डिलाचा म्हणायचा का? नाही. डिलाचा लूप काही मात्रांचा, एकदा बसवला की यंत्र तो फिरवत राहतं. तोच तिरकेपणा सहा-सात मिनिटं, एकदाही सरळ न होता, हातापायांनी टिकवणं हे क्वेस्टलव आणि पॅलाडिनोचं काम. अजून मागे, अजून मागे, असा हट्ट डी'अँजेलोचा. पण शब्दाला आणि सुरावटीला क्रेडिट मिळतं, पैसे मिळतात. ठोक्याच्या जागेला काय मिळतं? बरं, शब्द-सुरावटीचाही हिशोब सरळ असतो असं नाही. लॉरिन हिलच्या 'मिसएज्युकेशन'वर (१९९८) काम केलेले चार संगीतकार क्रेडिटसाठी कोर्टात गेले, २००१मध्ये तडजोड झाली. तिथे निदान भांडता तरी आलं. डिला फेब्रुवारी २००६मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला, 'डोनट्स' बाजारात आल्यावर तीन दिवसांनी. मागे राहिलं ते देणं.

डी'अँजेलोचा पुढचा अल्बम यायला जवळपास पंधरा वर्षं लागली. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५मध्ये, तो स्वतःही गेला, तेव्हा बहुतेकांनी पुन्हा 'अनटायटल्ड'च शेअर केलं. मी 'ब्लॅक मसाया' लावला. २०१४चा. त्यातही पॅलाडिनो आहे, क्वेस्टलव आहे, बास तसाच केसभर मागे आहे. आणि मुखपृष्ठाच्या नावात या वेळी तो एकटा नाही: 'डी'अँजेलो अँड द व्हॅनगार्ड'.