एक्स्पंजची सोयरीक

पुसापुशीसाठी इंग्रजीत क्रियापदं रग्गड आहेत, पण सगळ्यांत लबाड म्हणजे 'एक्स्पंज'. ऐकल्यावर वाटतं, हा स्पंजचाच चुलतभाऊ असणार. ओला हात फिरवला की पाटी कोरी! खुद्द साहेबालाही तसंच वाटत आलं. प्रत्यक्षात स्पंजशी त्याची सोयरीक नाही. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. 'पंक्चर' त्याच घराण्यातलं. म्हणजे या भारदस्त शब्दाचे सख्खे नातेवाईक सायकलच्या दुकानात बसलेले! यादीतलं नाव रद्द करायचं तर त्याला ठिपके द्यायचे, असा मूळ व्यवहार सांगतात. नाव तिथंच राहणार. वाचा, फक्त हिशेबात धरू नका.

अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सरकारी ठेवी 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'मधून हलवल्या. (ठेवी म्हटलं की आम्हा बँकवाल्यांचे कान टवकारतात.) 1834 साली सिनेटनं त्यांच्या निषेधाचा ठराव केला. पुढे जॅक्सनवाल्यांचं बहुमत झालं आणि 1837 च्या जानेवारीत तो ठराव एक्स्पंज झाला. कसा? पान फाडायची सोय नव्हती, कारण इतिवृत्त ठेवणं घटनेनंच बंधनकारक केलेलं. मग सचिवानं ठरावाभोवती जाड काळ्या रेघांची चौकट आखली आणि मजकुरावर लिहिलं, सिनेटच्या हुकमानं रद्द. एरवी ज्या पानाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, त्याला फोटोसारखी फ्रेम मिळाली!

मला मात्र ही तऱ्हा पसंत आहे. व्हाउचरवर आकडा चुकला तर आम्हीही त्यावर एकच रेघ मारतो, शेजारी सही ठोकतो. खाली काय होतं ते ऑडिटरला दिसलं पाहिजे. खोडरबर वापरलेला कागद आला की तो पाचच्या लोकलची आशा सोडतो. आपले पोथी लिहिणारेही चुकल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत, डाग राहायचाच.

म्हणून कोशातलं 'पुसून टाकणे' मला मान्य नाही. आपली वर्तमानपत्रं 'कामकाजातून वगळले' म्हणतात, ते जास्त खरं. लोकसभेत नियम 380 खाली अध्यक्ष असभ्य, बदनामीकारक शब्द वगळतात आणि छापील कामकाजात त्या जागी तारे येतात. इथं मात्र ऑडिटर उपाशी! कोण बोललं ते कळतं, काय बोललं ते नाही. सभासद बिचारा 'खोटारडा' एवढंच म्हणाला असेल, पण चार तारे बघून वाचक मनातल्या मनात ज्या शिव्या भरतो, त्या कुठल्याच सभागृहात निघायच्या नाहीत.