पायांसाठी रचलेले नकाशे: डूमच्या नकाशाकलेची सद्यःस्थिती

डूम या संगणकीय खेळाच्या नव्या नकाशांचे कौतुक करताना अलीकडे जी विशेषणे वापरली जातात, ती जवळजवळ सगळी चित्रांच्या कौतुकाची आहेत. नकाशा भव्य आहे, प्रकाशयोजना मोहक आहे, खांबांच्या रांगा नजरेत मावत नाहीत, असे सांगितले जाते आणि पुराव्यादाखल एखादे स्थिरचित्र पुढे केले जाते. त्या खांबांमधून खेळाडूने कुठे जायचे, कुठे अडायचे, कोणत्या वळणावर त्याची गाठ कोणाशी पडायची आणि परतताना तीच जागा त्याला वेगळी का वाटायची, याविषयी मात्र सहसा चकार शब्द नसतो. डिसेंबर 2023 मध्ये या खेळाला तीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हाच्या उत्सवी वातावरणात ही कौतुकाची भाषा अधिकच फोफावली. लेव्हल एडिटर, म्हणजे खेळातील जागा, भिंती, शत्रू आणि वस्तू यांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर, आज जितके समर्थ आहे तितके ते पूर्वी कधीच नव्हते. आणि नेमक्या याच काळात त्याच्या साहाय्याने घडणारी कला चालण्याकडून पाहण्याकडे घसरत चालली आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

या विवेचनात डूमलाच केंद्रस्थानी ठेवण्याचे कारण असे की, नकाशे रचण्याची इतकी दीर्घ आणि अखंड परंपरा दुसऱ्या कोणत्याही खेळाजवळ नाही. रोब्लॉक्स आणि फोर्टनाइट यांच्या एडिटरांतून जे निर्माण होते त्याचा विचार बाजारपेठेच्या अभ्यासकांनी करावा. ‘सुपर मारिओ मेकर’ (2015) हा कोड्यांचा गोड कारखाना आहे. पुण्यामुंबईच्या सायबर कॅफेंत एका पिढीने ज्याच्या गल्ल्या पाठ केल्या, तो डेव्ह जॉन्स्टन यांचा ‘डस्ट 2’ (2001) हा नकाशा म्हणजे स्पर्धेचे उत्तम मैदान आहे, आणि मैदानाची समीक्षा खेळाडूच करतात. क्वेक या खेळाची परंपरा डूमच्या सर्वांत जवळची खरी, पण ‘आर्केन डायमेन्शन्स’ या नकाशासंचानंतर (2015) तिने भव्यतेपुढे इतक्या लवकर शरणागती पत्करली की तिच्यासाठी वेगळा युक्तिवाद करण्याची गरज उरत नाही.

डूम डिसेंबर 1993 मध्ये आला. तो घडवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरचा स्वतःचा एडिटर नेक्स्ट कंपनीच्या महागड्या संगणकांवर चालत असे, त्यामुळे सामान्य खेळाडूला त्याचा काही उपयोग नव्हता. परंतु दोन महिने उलटण्याच्या आतच ब्रेंडन वायबर आणि राफाएल किने यांनी ‘डीईयू’ हा एडिटर घरगुती संगणकांसाठी मोफत उपलब्ध करून दिला. त्यात नकाशा केवळ वरून, सपाट आराखड्यासारखा दिसत असे. बिंदू मांडायचे, ते रेषांनी जोडायचे आणि रेषांनी वेढलेल्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे सेक्टरला, जमिनीची उंची, छताची उंची आणि 0 ते 255 या श्रेणीतील प्रकाशाची पातळी द्यायची, एवढेच त्याचे व्याकरण होते. या व्याकरणाला डूमचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी योजलेल्या बीएसपी पद्धतीची चौकट होती. या पद्धतीत नकाशाचे लहान बहिर्वक्र तुकड्यांत विभाजन करून त्यांची उतरंड आधीच आखून ठेवली जाते आणि तिच्या आधारे कोणती भिंत कोणत्या भिंतीपुढे आहे हे खेळ चालू असताना झटपट ठरवता येते. विभाजन आधीच झालेले असल्यामुळे भिंतीला आडवे सरकता येत नाही. जमीन आणि छत तेवढे वर-खाली होऊ शकतात. म्हणून डूममधले दार हे वास्तविक वर जाणारे छत असते, लिफ्ट ही खाली येणारी जमीन असते, आणि एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नाही.

या मर्यादांची यादी तंत्रज्ञानाच्या इतिहासात अडचणींची यादी म्हणून दिली जाते, पण समीक्षेला तिच्यात एका कलेचे छंदःशास्त्र दिसले पाहिजे. डूमचा खेळाडू 56 एकक उंच आणि 32 एकक रुंद आहे, त्याचे डोळे 41 एककांवर आहेत, आणि मूळ खेळात त्याला उडी मारता येत नाही. चोवीस एककांची पायरी तो न थांबता चढतो, पंचवीस एककांची चढू शकत नाही, परंतु तिच्यावरून खाली मात्र सहज उतरतो. अर्थात केवळ एका एककाच्या फरकाने नकाशाकार एखाद्या जागेला एकेरी दार बनवतो, आणि त्यासाठी त्याला दार काढावेही लागत नाही. शत्रूंचे नियम आणखी निराळे आहेत. खेळाडूने गोळी झाडली की आवाज त्याच्या सेक्टरमधून लगतच्या खुल्या सेक्टरांत पसरत जातो. अंतर कितीही असले तरी तो विरत नाही, फक्त बंद दाराने अडतो किंवा आवाजरोधक म्हणून खूण केलेल्या दोन रेषा ओलांडू शकत नाही. त्यामुळे जाणकार नकाशाकार दूरच्या, न दिसणाऱ्या कोठडीत शत्रू ठेवतो, एका चिंचोळ्या फटीने त्या कोठडीपर्यंत आवाज पोहोचेल अशी तजवीज करतो, आणि खेळाडूची पहिली गोळी पुढच्या पाच मिनिटांचे भवितव्य ठरवून टाकते. हे सारे आराखड्यावर रेषा ओढताना मनात चालावे लागते, आणि ते मनात चालवणे हीच या कलेतील प्रतिभा होय.

डूमचे एक निर्माते जॉन रोमेरो यांनी खेळाच्या पहिल्या प्रकरणाचे नकाशे रचताना पाळलेली तत्त्वे त्यांनी नंतर वेळोवेळी सांगितली आहेत: उजेड आणि अंधार, अरुंद आणि मोकळे यांचा सतत विरोध राखावा, खेळाडू एकाच जागी पुनःपुन्हा परत यावा, आणि जी बाहेरची जागा खिडकीतून दिसते तिथे कसे ना कसे पोहोचता आलेच पाहिजे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयीला केंद्रस्थान देऊन संवाद, विरोध आणि समतोल ही तिची तत्त्वे मांडली. त्या चौकटीत पाहिले तर रोमेरोंचे नियम म्हणजे विरोधलयीचे व्यावहारिक सूत्ररूप आहे, फक्त ही लय कानांना किंवा डोळ्यांना नव्हे तर पावलांना जाणवायची असते. ‘हँगर’ या पहिल्याच नकाशात आरंभीच्या खोलीच्या खिडकीतून अंगणातले निळे चिलखत दिसते, पण तिथे जाण्याचा मार्ग विषारी हिरव्या द्रवावरील नागमोडी वाटेच्या दालनात लपलेला असतो. ज्या खेळाडूला तो सापडतो त्याला चिलखताबरोबरच संपूर्ण नकाशाची घडण उमगते. 2019 मधील ‘सिजिल’ या नऊ नकाशांच्या संचात रोमेरोंनी हाच विचार अधिक कठोरपणे मांडला: अंधार दाट केला, लाव्हावरील तडकलेल्या अरुंद कडांवर लढाया घडवल्या, आणि भिंतीवरच्या सैतानी डोळ्यावर गोळी झाडल्याशिवाय पुढची वाट उघडणार नाही अशी योजना करून नेम धरणे आणि वाट शोधणे या दोन क्रिया एकत्र आणल्या. या संचाला ‘जुनाट’ म्हणणाऱ्यांनी त्यात किती थोड्या साधनांनी किती नेमका श्वास कोंडला जातो, हे तपासलेले दिसत नाही.

पावलांसाठी रचण्याच्या या प्रवृत्तीचे अलीकडच्या काळातील सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे सिरियाक हॅरिस यांचा ‘गोइंग डाउन’ (2014). चमत्कारिक ॲनिमेशनपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कलावंताने ‘डूम 2’साठी एकट्याने बत्तीस नकाशे रचले आणि त्यांना एकच सूत्र दिले: एका कार्यालयीन इमारतीच्या माथ्यावरून लिफ्टने एकेक मजला खाली उतरत जायचे. मजले लहान आहेत, ओळखीचे आहेत, आणि लहान असल्यामुळेच भयंकर आहेत. खेळाडू कक्षात येतो तेव्हा तिथे विशेष काही घडेलसे वाटत नाही. तो एखादे बटण दाबतो आणि जमीन खचते, छत उतरते, कोपरे शत्रूंनी भरतात, आणि क्षणापूर्वी जो निवारा होता तो सापळा ठरतो. त्याच चार भिंतींचा एकाच भेटीत दोनतीन वेळा अर्थ बदलण्याचे हे कौशल्य ॲनिमेशनकाराचे आहे: वस्तू कशी दिसते यापेक्षा ती पुढच्या क्षणी काय होते याकडे त्याचे लक्ष आहे. विनोद आणि दहशत यांचा इतका सलग मिलाफ डूमच्या नकाशांत क्वचितच झाला असेल. आणि तरीही या संचाचे एक स्थिरचित्र समोर ठेवले तर त्यात पाहण्यासारखे फार थोडे सापडते, हेच त्याचे मोठेपण आहे. कासाली बंधूंच्या ‘प्लुटोनिया’ने (1996) थोड्याच शत्रूंना नेमक्या जागी उभे करून छळण्याचा जो धडा घालून दिला होता, त्याचा खरा वारसा इथे आहे.

मार्च 2023 मधील ‘मायहाउस’ या बहुचर्चित नकाशाचा उल्लेख या संदर्भात टाळता येत नाही. मूळ खेळाला अशक्य असलेल्या युक्त्या त्यात जीझेडडूम या आधुनिक इंजिनाच्या बळावर वापरल्या आहेत. घराचे मजले एकावर एक असल्याचा भास व्हावा म्हणून खेळाडूला नकळत नकाशाच्या दुसऱ्या भागात नेले जाते, आणि साध्यासुध्या घराचे पाहता पाहता भुलभुलैयात रूपांतर होते. तथापि त्याचा परिणाम त्या युक्त्यांत नाही. घर लहान आहे, खेळाडू ते आधी एकदा पूर्ण फिरलेला आहे, जिना कुठे वळतो हे त्याच्या बोटांना ठाऊक झाले आहे, आणि म्हणूनच जिना चुकीच्या जागी पोहोचवतो तेव्हा तो हादरतो. अनेकांनी हा नकाशा खेळण्याऐवजी त्यावरील दीर्घ व्हिडिओंतच पाहिला आणि त्यातील कथेचे कोडे सोडवण्यात धन्यता मानली. ज्यांनी असे केले त्यांनी घराची गोष्ट ऐकली, घरात पाऊल मात्र टाकले नाही.

आता मूळ आजाराकडे वळावयास हरकत नाही. डूम बिल्डर आणि त्याच्याच वंशातील अल्टिमेट डूम बिल्डर या एडिटरांनी नकाशाकाराला त्रिमितीय दृश्यात शिरून, हवेत तरंगत, भिंतींवर पृष्ठचित्रे चिकटवण्याची आणि उंच्या बदलण्याची सोय दिली. सोय निःसंशय मोठी आहे, पण तिच्याबरोबर एक नवा प्रेक्षक जन्माला आला, आणि तो प्रेक्षक नकाशाकार स्वतःच आहे. त्याला वजन नाही, तो भिंतीत अडकत नाही, पंचवीस एककांची पायरी त्याला अडवत नाही, आणि चाळीसेक एककांवरचे डोळे घेऊन कोपऱ्याआड काय असेल या धास्तीने तो कधी थबकत नाही. तो उंच जाऊन मागे वळून पाहतो आणि त्याला वाटते की रचना साधली. पूर्वी हा मोह शक्यच नव्हता. मूळ इंजिनात जमिनीच्या आणि छताच्या दृश्यमान पट्ट्यांची, म्हणजे ‘व्हिजप्लेन’ची, मर्यादा 128 होती, एका जागेवरून त्याहून अधिक पट्ट्या दिसू लागल्या की खेळ कोसळत असे. त्यामुळे नकाशाकाराला प्रत्येक कोपऱ्यात खेळाडूच्या जागी उभे राहून इथून काय दिसेल हे मोजावे लागे. नव्या इंजिनांनी ही मर्यादा काढून टाकली, आणि तिच्याबरोबर तो कोपऱ्यात उभे राहण्याचा संस्कारही गेला.

परिणाम सर्वांसमोर आहे. ‘एव्हिटर्निटी’ (2018) हा नकाशासंच आणि त्याच्या 2023 मधील दुसऱ्या भागाने रंगसंगतीचा आणि शिल्पाचा असा मानदंड निर्माण केला की त्यानंतरच्या कित्येक नकाशाकारांना आधी प्रासाद उभारावा आणि मग त्यात शत्रू सोडावेत, हाच कामाचा क्रम वाटू लागला. दुसरीकडे ‘सन्डर’ या संचाने (2009) हजारो शत्रूंच्या लढाईला जी शिस्त दिली होती, ती त्याच्या अनुकरणकर्त्यांनी फेकून दिली आणि केवळ आकडा घेतला. खरे तर एकाच मैदानात दहा हजारांहून अधिक शत्रू उभे करणारा ‘नट्स’ हा नकाशा 2001 मध्येच होऊन गेला होता आणि तो निदान स्वतःला थट्टाच समजत होता. प्रासाद आणि पलटण या दोन्ही प्रवृत्ती परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे: दोन्हींना हवेतून दिसणारा आकार हवा आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, साधने सुधारली म्हणून कला बिघडली असे म्हणणे हे केवळ स्मरणरंजन आहे. पण ‘गोइंग डाउन’ काही डीईयूच्या काळातला नाही आणि ‘मायहाउस’ तर अत्याधुनिक इंजिनाशिवाय संभवतच नाही. तक्रार साधनांविषयी नसून त्यांनी लावलेल्या सवयीविषयी आहे. दुसरा आक्षेप असा की, एडिटरमधून एका कळीसरशी नकाशा खेळून पाहता येतो, तेव्हा नकाशाकार चालत नाही हे म्हणणे चुकीचे आहे. चालतो, परंतु आकार ठरून गेल्यावर चालतो. त्या चालण्यातून दारे रुंद होतात, गोळ्यांची पेटी हलवली जाते, आराखडा मोडून पुन्हा मांडला जात नाही. उत्तर हवे असेल तर ते एडिटरमध्येच आहे. त्रिमितीय दृश्यात गुरुत्वाकर्षण चालू करण्याची सोय दिलेली आहे. ते चालू ठेवून काम करण्याचा नियम एखाद्या सामूहिक प्रकल्पाने घालून पाहावा, म्हणजे त्यातील निम्मे खांब आपोआप गळून पडतील.

त्याहून मोठी जबाबदारी समीक्षेची आहे. वार्षिक पुरस्कार देणाऱ्यांनी आणि नकाशांवर लिहिणाऱ्यांनी स्थिरचित्राला पुरावा मानणे सोडले पाहिजे, आणि नकाशाविषयी पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, दुसऱ्यांदा त्याच खोलीत आलेल्या खेळाडूच्या पावलांत काय बदललेले असते. ज्या नकाशाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्याला सुंदर म्हणावे, नावाजावे, वाटल्यास भिंतीवर टांगावे. उत्तम नकाशांच्या यादीत मात्र त्याला जागा देण्याचे काही कारण नाही.