चोवीसपैकी सोळा

जास्त मार्क मिळाले की नापास, अशी परीक्षा मी आयुष्यात एकच दिली. एपवर्थ स्लीपीनेस स्केल. आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलात तर दिवसा प्रमाणाबाहेर झोप येते असं समजतात. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. जगभरातले झोपेचे डॉक्टर आजही हाच कागद पेशंटपुढे सरकवतात. हा कागद मी एखाद्या कवितेपेक्षा जास्त वेळा वाचलाय, म्हणून त्याची समीक्षा लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी माझी बाजू. झोपेत तासाला एकेचाळीस वेळा माझा श्वास अडत होता. आता रात्री नाकावर मास्क असतो आणि सीपॅप मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. ही युक्ती सिडनीच्या कॉलिन सलिवन यांची, १९८१ ची. श्वास अडण्याचा आकडा दोनवर आलाय. मशीनचं अ‍ॅप रोज सकाळी शंभरपैकी ९६ गुण देतं आणि हिरवा हसरा चेहरा दाखवतं. तो चेहरा बघत बघत मी पुन्हा डुलकी काढतो.

सहा महिन्यांनी क्लिनिकमध्ये तोच कागद भरला. म्हणजे काउंटरवरच्या मॅडमनी प्रश्न भराभर वाचले आणि मी बोटांनी आकडे दाखवले. गुण आठ. 'नॉर्मल आलात,' म्हणाल्या. मी मानखुर्दला परतायला गाडी पकडली आणि स्टेशन झोपेतच मागे पडलं. जाग आली ती वाशीचा पूल ओलांडल्यावर.

कागद घरी नेला होता. शांतपणे वाचला तेव्हा पहिली गफलत सापडली ती भाषांतरात. मूळ प्रश्नात पेंग, डुलकी अभिप्रेत आहे. माझ्या हातातल्या मराठी कागदावर होतं 'झोप लागणे'. आपल्याकडे या दोन्हींत केवढं अंतर आहे! झोप लागणं म्हणजे आडवं होणं, चादर ओढणं. मीटिंगमध्ये झोप लागते का? छे, असं कोण कबूल करेल? डुलकी लागते का? रोज. पेंग, डुलकी, झापड, गुंगी, सुस्ती असे पाच शब्द खिशात असलेल्या भाषेत चुकीचा सहावा निवडला गेला होता.

दुसरी गोष्ट गाडीची. एक प्रश्न तासभर न थांबता कारमधून प्रवास करण्याचा, दुसरा ट्रॅफिकमध्ये काही मिनिटं थांबलेल्या कारचा. आमच्या बिल्डिंगमध्ये कार दोघांकडे आहे, त्यातली एक टॅक्सी. मी दोन्हीला शून्य दिलं होतं. गंमत म्हणजे मूळ सूचनेत जॉन्स यांनी याचा विचार केलाय. हल्ली ती गोष्ट केली नसेल, तर केली असती तर काय झालं असतं याचा अंदाज बांधा, असं ते सांगतात. म्हणजे पेशंटने चार ओळींची कथा रचायची! मला ही सूचना फार आवडली, अख्ख्या कागदातली तीच एक साहित्यिक जागा आहे. आणि मॅडमनी नेमकी तीच गाळली होती.

पण कल्पना करायचीच तर हार्बर लाइनची का नको? इथे प्रश्नच उलटा होतो. लोकलमध्ये सगळेच झोपतात. चौथ्या सीटवर अर्धा बसलेला झोपतो, हँडल धरून उभा असलेला झोपतो. मला रोग आहे हे वर्षानुवर्षं कळलं नाही, कारण आजूबाजूचा अख्खा डबा माझ्यासारखाच दिसत होता.

मुंबईला हा आजार नवीन नाही. हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी नियमित तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये छापला. १९.५ टक्क्यांमध्ये झोपेत श्वासाचा बिघाड सापडला, ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसाची झोपही. माझं वय त्या यादीत बसत नाही. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांतून 'स्लीप अ‍ॅप्निया' हा शब्द घरोघरी पोचला. तोवर घोरणं हा आपल्याकडे फक्त विनोदाचा विषय होता. माझी मावशी मला अजून कुंभकर्णच म्हणते.

विनोदावरून आठवलं. १९५६ मध्ये बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका लठ्ठ, सतत पेंगणाऱ्या माणसाची केस लिहिली आणि डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या झोपाळू जोवरून आजाराला नाव दिलं. तो माणूस डॉक्टरकडे का आला? पोकर खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे आले आणि त्याला झोप लागली. डाव हातचा गेला. माझ्या मते ही एक ओळ त्या आठ प्रश्नांपेक्षा सरस आहे, कारण तिच्यात माणूस काय गमावतो ते दिसतं. एपवर्थच्या कागदावर टीव्ही बघताना झोप आली तर तीन गुण आणि समोरच्याशी बोलताना आली तरी तीनच. दोन्हींचं वजन सारखं कसं?

सहावा प्रश्न तो बोलण्याचाच. क्लिनिकमध्ये मी त्याला शून्य दिलं, आणि ते सरळ खोटं होतं. मागच्या महिन्यात आई तिच्या तपासणीचे रिपोर्ट सांगत होती. साखर, बीपी, डॉक्टर काय म्हणाले. मध्येच ती थांबली. माझी मान खाली गेली होती. ती काही बोलली नाही, कागद परत पिशवीत घातले. या प्रसंगाला मी किती गुण देऊ?

अ‍ॅपवर माझा राग जास्त आहे, कारण मी स्वतः असले डॅशबोर्ड बनवतो. सर्व्हर चालू आहे म्हणून दिवा हिरवा, आणि तिकडे ग्राहकाला लॉगिन होत नाही. मशीन श्वास मोजतं, जाग मोजत नाही. चार तास वापरलं म्हणजे पास, हा आकडा अमेरिकेत विम्याचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला वापरतात. टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात जितके तास जास्त तितकी सुधारणा जास्त दिसली, पण सात तासांहून अधिक वापरणाऱ्यांतही काहीजण पेंगतच राहिले. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की रात्रीमागून रात्री प्राणवायू कमी-जास्त होत राहिला तर मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या पेशींनाच इजा होते. माणसात कारण दुसरंही असू शकतं: थायरॉइड, नैराश्य, एखादं औषध, नार्कोलेप्सी, किंवा निव्वळ कमी झोप. 'नॉर्मल' म्हटलं की हे शोधणंच थांबतं.

मी कागद पुन्हा भरला, डुलकी हा शब्द धरून, कारची कथा रचून. सोळा. खाली पेनाने नववी ओळ लिहिली: मानखुर्दला उतरायचं होतं, वाशीला जाग आली. त्याच्याखाली आईची. यावेळी डॉक्टरांनी स्वतः वाचलं, दोनदा. रात्री किती वाजता आडवा होतोस विचारलं, रक्त तपासायला सांगितलं आणि दिवसाची झोपेची चाचणी लिहून दिली. दर दोन तासांनी वीस मिनिटं झोपायला देतात, असं पाच वेळा, आणि किती लवकर झोप लागते ते मोजतात. तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय.

आईला सांगितलं. म्हणाली, यात तू बोर्डात येशील.