रॅटमधला दाब मोजला, पण भागाकार केला का?

रॅटमधल्या लिंगताठरतेवरचे पेपर वाचताना एक आलेख हमखास दिसतो. कॅव्हर्नस नर्व्हला करंट दिला, लिंगातल्या स्पंजी भागात सुई घालून दाब मोजला, दाब चढला. म्हणजे औषध लागू पडलं. 1989 मध्ये क्विनलन आणि सहकाऱ्यांनी या अभ्यासासाठी रॅटचं मॉडेल मांडलं. पद्धत चांगलीच आहे. माझी तक्रार एकट्या आकड्याबद्दल आहे.

आमच्या वडप्यात नळाची धार बारीक झाली की आधी टाकीत पाणी किती ते बघतात. इथे टाकी म्हणजे रक्तदाब. समजा, एका रॅटमध्ये लिंगातला दाब 60 मिमी पारा आणि धमनीतला सरासरी रक्तदाब 120. दुसऱ्यात 45 आणि 75. गुणोत्तर 0.5 आणि 0.6. म्हणजे कमी आकडावालाच सरस! आणि भूल खोल गेली, तरी रक्तदाब उतरतोच.

शिवाय करंट आपणच देतो. मेंदू आणि इच्छा चाचणीबाहेरच राहतात. मग ‘लैंगिक क्षमता सुधारली’ हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

पेपर हातात घेतलात की गुणोत्तर, व्होल्टेज आणि भुलीचं औषध आधी शोधा. ते नसेल, तर त्या जनावराचा जीव अर्ध्या उत्तरासाठी गेला.