पेटीवाल्याने उभं राहावं का?

गाण्याच्या बाबतीत आपल्या मराठी भाषेचं धोरण मोठं गमतीचं आहे. गाणं आपण 'बसवतो', पण राग 'उभा करतो'. ताल बसला की आनंद होतो आणि आवाज बसला की डॉक्टर गाठावा लागतो. वादकाचा हात बसला की तो तयार झाला म्हणायचं आणि त्याचा धंदा बसला की तो संपला म्हणायचं. लावणीने तर सरळ दोन खातीच उघडून ठेवली आहेत, एक बैठकीची आणि एक खडी. इतकी चोख विभागणी करूनही एका माणसाने बसावं की उभं राहावं याचा निकाल मात्र कुणी देऊन ठेवलेला नाही. तो म्हणजे पट्ट्यांवरून बोटं फिरवणारा माणूस. पूर्वीचा पेटीवाला, ऑर्गनवाला, आणि आताचा कीबोर्डवाला.

या विषयावर बोलायचा तुम्हाला अधिकार काय, असं कुणी विचारील. मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात संगीत नव्हतं, त्यामुळे त्यातलं मला कानाने कळतं तेवढंच कळतं. पण बसणं आणि उभं राहणं या विषयातला माझा अनुभव वीस वर्षांचा आहे. काउंटरच्या आत मी बसलेला असतो आणि बाहेर माणसं उभी असतात. बँकेत बसला तो मालक आणि उभा तो गरजू. वास्तविक पैसे उभ्या माणसाचे असतात, पण ते आम्ही त्याच्या लक्षात येऊ देत नाही. रंगमंचावर हाच हिशेब उलटा होतो. तिथे उभा तो नायक आणि बसलेला तो साथीदार.

गणपतीचे दहा दिवस आमच्या जठारपेठेत दोन्ही पंथ एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात. एका मांडवात भजनी मंडळ. सतरंजी, सतरंजीवर पांढरी चादर, चादरीवर पेटी आणि पेटीमागे मांडी घातलेले काका. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, मान किंचित गाणाऱ्याकडे कललेली. काकांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नाही. ते अभंगात रंगले आहेत की गॅसवर ठेवलेलं दूध त्यांना आठवतं आहे, हे सांगणं कठीण.

दोन गल्ल्या पलीकडे ऑर्केस्ट्रा. तिथे लोखंडी स्टँडवर दुमजली कीबोर्ड आणि त्यामागे उभा एक पोरगा. रात्री साडेनऊला काळा चष्मा. एक हात तळमजल्यावर, एक हात पहिल्या मजल्यावर. लोकांकडून टाळ्या वसूल करायला तिसरा हात हवा, तो नसल्यामुळे मधूनमधून तो पहिल्या मजल्यावरचा हात त्या कामावर पाठवतो. आणि गंमत म्हणजे हात उचलला तरी गाणं थांबत नाही! हे 'थांबत नाही' लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आमच्याकडच्या जुन्या रसिकांचा निकाल केव्हाच लागलेला आहे. बसून वाजवणं ही संस्कृती आणि उभ्याने वाजवणं हा थिल्लरपणा. हे मत निदान वऱ्हाडातल्या माणसाने तरी मांडू नये. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन बसत आणि भजनाने माणसं हलवून सोडत. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री उभं राहून कीर्तन करत. दोघेही शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. यातल्या एकाला संस्कृती आणि दुसऱ्याला थिल्लरपणा म्हणायची छाती असलेला रसिक अजून जन्माला यायचा आहे. शिवाय पंढरपूरचा विठोबा उभाच आहे, आणि त्याला कुणी स्टूल नेऊन दिल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा संस्कृती बाजूला ठेवून मी जुनी खातेवही काढली. ती पाहिल्यावर असं दिसलं, की हा सगळा मामला मूळचा पायांचा आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्या वाद्याला हवा पायाने भरायची. दोन्ही पाय खाली कामाला जुंपलेले, म्हणजे माणसाने खुर्चीवर बसायलाच हवं. ते वाद्य बोटीतून आपल्याकडे आलं. आपल्या मैफलीत खुर्ची नाही, बैठक. मग कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाता पायाकडून काढून हाताकडे दिला आणि पेटी जमिनीवर आणली. आमच्या भाषेत सांगायचं तर डाव्या हाताची बदली भाता विभागात झाली आणि पायांना सक्तीची निवृत्ती मिळाली. निवृत्त पायांची आपण मांडी घातली. पेटीवाल्याची बैठक ही परंपरेची देणगी आहे असं आपण समजतो. ती वास्तविक घोषबाबूंच्या दुरुस्तीची देणगी आहे.

संगीत नाटकात पायपेटीचा थोरला भाऊ, म्हणजे ऑर्गन, टिकून राहिला. बालगंधर्वांना ऑर्गनची साथ करणारे हरिभाऊ देशपांडे यांचे दोन्ही हात पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय पायट्यांवर असत. चारही अवयव चाकरीला असलेला माणूस उभा राहणार कशावर?

उलट जिथे पाय रिकामे तिथे माणूस उठलाच. दिंडीत पेटी गळ्यात अडकवून चालणारा वारकरी पाहिला असेल. अकॉर्डिअन हे वाद्य तर जन्मालाच उभ्या माणसासाठी आलं. पट्ट्या आहेत, भाता आहे, पण सगळा संसार छातीवर. पुण्याच्या इनॉक डॅनिअल्स यांनी हे वाद्य महाराष्ट्राच्या कानाशी जुळवलं. आपल्या सिनेमाने तर त्याचा नियमच करून टाकला. 'संगम'मध्ये (१९६४) राज कपूर आनंदात असला की अकॉर्डिअन गळ्यात घेतो आणि मनावर घाव बसला की पियानोपाशी जातो. सुखाला अकॉर्डिअन, दुःखाला पियानो. दुःखात माणूस अकॉर्डिअन वाजवत का नाही, याचं उत्तर सोपं आहे. आधीच छातीवर ओझं असतं.

मग विजेची वाद्यं आली. 'नागिन'मधली (१९५४) ती प्रसिद्ध पुंगी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती. वाजवताना ते बसले होते की उभे होते, हे कुणी विचारलं नाही. पडद्यावर नाग डोलला, लोक डोलले, प्रश्न मिटला. पुढे १९८०च्या सुमारास कॅसिओ कंपनीचे छोटे कीबोर्ड बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडे 'कॅसिओ' हे कंपनीचं नाव न राहता वाद्याचं नाव झालं. या वाद्याला श्वास लागत नाही. तो भिंतीतल्या प्लगमधून येतो. हात मोकळे, पाय मोकळे. मार्च १९९७ मध्ये यानी नावाच्या लांब केसांच्या ग्रीक वादकाने ताजमहालाच्या साक्षीने कीबोर्डांच्या गराड्यात उभं राहून कार्यक्रम केला, तेव्हापासून तर आमच्याकडच्या कीबोर्डवाल्यांनी आधी केस वाढवले आणि मग उरलेल्या वेळात सराव केला.

परंतु उभं राहणं वाटतं तितकं सोपं नाही. स्टँड कमरेच्या बेताचा हवा, कोपर साधारण काटकोनात हवं. स्टँड खाली राहिला तर वादक विहिरीत काहीतरी पडलं आहे तसा वाकतो. वर गेला तर खांदे कानाला टेकतात. स्टँड फुलीच्या आकाराचा असेल तर जोराच्या जागेला सगळा मजला हलतो. आणि सूर लांबवायचा खटका पायाखाली असेल तर पूर्ण गाणं एका पायावर. वरून रॉकस्टार, खालून बगळा!

बसणाऱ्यांचेही नखरे काही कमी नाहीत. कॅनडाचा थोर पियानोवादक ग्लेन गूल्ड जन्मभर वडिलांनी पाय कापून दिलेली एक घडीची खुर्ची जगभर घेऊन फिरला. जमिनीपासून तिची उंची अवघी १४ इंच. बदलीच्या गावी स्वतःची उशी घेऊन जाणारे कारकून मी पाहिलेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. उलट अमेरिकेत जेरी ली लुईसने १९५७ साली टेलिव्हिजनवर गाता गाता मागचं स्टूल लाथेने उडवलं आणि तो एका रात्रीत गाजला. आमच्याकडे असं केलं तर आरोपपत्र मिळतं.

तेव्हा आसनावरून मोठेपणा ठरत नाही. मग कशावरून? माझ्या मते नजरेवरून. बसलेल्या पेटीवाल्याची नजर गाणाऱ्याच्या ओठांवर असते. आमच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे घ्या. त्यांची तान कुठल्या गल्लीत शिरेल याचा भरवसा खुद्द तानेलाही नसे. त्यांच्या साथीला पु. ल. पेटी घेऊन बसत. तान पुढे जाते, पेटी अर्धं पाऊल मागून जाते, आणि गायक श्वास घेतो तेव्हा ती रिकामी जागा भरून काढते. गायकाने नवं काही केलं की पेटीवाला वाजवायचं थांबून नुसतं 'वा!' म्हणतो. हे थांबणं ही साथीतली सर्वांत अवघड जागा. भात्यावर हात असलेल्या माणसाला ते जमतं, कारण त्याला ठाऊक असतं की आपण दाबलं नाही तर सूर नाही.

आता ते मघाचं 'थांबत नाही' काढा. कीबोर्डच्या पोटात ठेका भरलेला असतो. एक बटण दाबलं की तबला, ढोलक, बास सगळे हजर. गायक अर्धी मात्रा रेंगाळला तर तबलजी त्याच्यासाठी थांबतो, बटण थांबत नाही. आणि ज्या तबलजीला संध्याकाळचे चार पैसे मिळायचे, तो त्या वेळी मांडवाबाहेर उभा असतो. माझी खरी तक्रार त्या उभ्या माणसाबद्दल आहे. कीबोर्डमागच्या पोराबद्दल नाही.

त्या पोराशी मी पानठेल्यावर बोललो. म्हटलं, "भाऊ, बसून का नाही वाजवत?" तो म्हणाला, "काकाजी, बसून वाजवलं त कोनी पायतच नाही ना! माहे बाबा तीस वर्षं बसून पेटी वाजवत होते. निवेदक गायकाचं नाव घे, तबल्याचं घे, अन् शेवटी म्हने, 'आनि पेटीवर आपले नेहमीचे'. तीस वर्षं 'नेहमीचे'. मले नाव पाहिजे, म्हनून मी उभा रायलो."

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. पेटीच्या वाट्याला मान कधी आला होता? आकाशवाणीने १९४० साली तिला दार लावून घेतलं. तिला मींड घेता येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा आरोप. १९७१च्या सुमारास ते दार किलकिलं झालं. तीस वर्षं ती बसलीही नाही आणि उभीही नाही, फाटकाबाहेर होती. गोविंदराव टेंब्यांसारखा एखादाच असा, की ज्याने पेटीला साथीतून काढून स्वतःच्या पायावर उभं केलं. ते स्वतः उठले तेव्हा १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'त थेट राजा झाले. अर्थात तो राजा हरिश्चंद्र, म्हणजे सिंहासनावरून पुन्हा उठणं आलंच!

आणि भजनी मंडळातले आमचे काका? यंदा त्यांच्या गुडघ्यांनी मांडीला नकार दिला. मंडळाच्या सभेत दोन सूचना आल्या. एक, काकांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं करावं आणि कीबोर्ड आणावा. दोन, पेटी टेबलावर ठेवावी आणि काकांना खुर्ची द्यावी. दुसऱ्या सूचनेवर एक ज्येष्ठ रसिक कळवळून म्हणाले, "खुर्चीवर बसून पेटी? बैठकीचा अपमान आहे!" काका शांतपणे एवढंच म्हणाले, "बापू, पेटी बोटांनी वाजते, गुडघ्यानं नाही वाजत." खुर्ची मंजूर झाली. पहिल्याच दिवशी खुर्चीवरून त्यांना गाणाऱ्याचा चेहरा जास्त चांगला दिसला आणि अभंग नेहमीपेक्षा रंगला.

म्हणून माझा निकाल असा. पट्ट्यांवर बोटं ठेवणाऱ्याने हवं तर मांडी घालावी, खुर्ची घ्यावी, स्टँडमागे उभं राहावं, नाहीतर गूल्डसारखं १४ इंचांवर बसावं. त्याच्याकडून दोनच गोष्टी मागाव्यात. नजर गाणाऱ्यावर असू द्यावी आणि शेजारी एक जिता तबलजी बसू द्यावा. आणि आपल्याकडून, म्हणजे समोर फुकटच्या खुर्च्यांवर बसलेल्यांकडून, एकच. निवेदकाने पेटीवाल्याचं नाव खणखणीत घ्यावं, गायकाच्या पाठोपाठ, आणि तेवढ्या वेळापुरतं आपण उभं राहावं.