फिल्म छायाचित्रणाचे पुनरुज्जीवन : हौशी रसिकांच्या समीक्षादृष्टीची चिकित्सा

प्रस्तावना

डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसारामुळे फिल्मवरील छायाचित्रण लवकरच इतिहासजमा होईल, असे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वसाधारणपणे मानले जात होते. तसे मानण्यास कारणेही सबळ होती. पोलरॉइड कंपनीने फेब्रुवारी २००८ मध्ये झटपट छायाचित्रांच्या फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. १९३५ पासून चालत आलेली कोडाक्रोम ही फिल्म कोडॅकने जून २००९ मध्ये बंद केली आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकवरच दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेण्याची वेळ आली. तथापि अपेक्षित शेवट झाला नाही. पोलरॉइडच्या नेदरलँड्समधील एन्शेडे येथील कारखान्याची यंत्रसामग्री काही उत्साही मंडळींनी २००८ मध्येच विकत घेतली आणि २०१० मध्ये नवी फिल्म बाजारात आणली. २०१२ मध्ये थांबलेली एक्टाक्रोम फिल्म कोडॅकने २०१८ मध्ये पुन्हा उपलब्ध केली. २०२४ मध्ये तर पेंटॅक्स या नावाने फिल्मवर चालणारा नवा कॅमेराही विक्रीस आला.

या पुनरुज्जीवनाचे श्रेय व्यावसायिक छायाचित्रकारांपेक्षा हौशी रसिकांना अधिक द्यावे लागेल. हे रसिक फिल्मवर काढलेली छायाचित्रे परस्परांना दाखवतात, त्यांवर बोलतात, जुने कॅमेरे दुरुस्त करून वापरतात आणि फिल्मची मागणी टिकवून धरतात. त्यांच्या चर्चेने एक माध्यम जगवले, हे निर्विवाद आहे. ही चर्चा छायाचित्राचे मूल्य कोणत्या निकषावर ठरवते, हा मात्र स्वतंत्र प्रश्न असून प्रस्तुत लेखात त्याचीच चिकित्सा केली आहे.

हौशी चर्चेची पूर्वपीठिका

छायाचित्रे एकत्र बसून पाहण्याची परंपरा या माध्यमाइतकीच जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रण संस्था स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात सहभागी होते. त्या काळी कागद वा काच रासायनिक द्रव्यांनी संस्कारित करून चित्र घ्यावे लागे आणि उष्ण हवामानात ही द्रव्ये कशी वागतील याची खात्री नसे. अशा वेळी साधनांविषयीचे बोलणे ही गरज होती. त्यावाचून चित्रच उमटले नसते.

विसाव्या शतकातील कॅमेरा क्लबांनी या चर्चेला निराळे वळण दिले. सदस्याने स्वतः तयार केलेली प्रत सर्वांसमोर मांडावी आणि जाणकार परीक्षकाने तिच्यातील गुणदोष सांगावेत, अशी पद्धत तेथे रूढ झाली. या पद्धतीतून साचेबंदपणाही आला. मावळतीचा प्रकाश, सुरकुतलेला वृद्ध चेहरा, धुक्यातील झाडे हे विषय वर्षानुवर्षे पारितोषिके मिळवत राहिले. पिएर बोर्द्यू यांच्या संपादनाखाली १९६५ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रणविषयक समाजशास्त्रीय ग्रंथात कॅमेरा क्लबांवर स्वतंत्र प्रकरण आहे. सौंदर्याला प्राधान्य द्यायचे की तंत्राला, ही निवड क्लबच्या सदस्यांच्या सामाजिक स्थानाशी निगडित असते, असे त्यातून दिसून येते. हे सारे मान्य केले तरी क्लबच्या पद्धतीत एक गोष्ट मोलाची होती. तेथे समोर ठेवलेली प्रत नाकारली जाण्याची शक्यता असे.

अपघाताचा गौरव

आजच्या फिल्मप्रेमाच्या मुळाशी असलेला एक महत्त्वाचा प्रवाह म्हणजे लोमोग्राफी होय. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यात एका जपानी कॅमेऱ्याच्या धर्तीवर एलसी-ए हा छोटा कॅमेरा तयार होऊ लागला व १९८४ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. १९९१ मध्ये तो व्हिएन्नातील काही विद्यार्थ्यांच्या हाती प्राग येथे पडला. चित्राचे कोपरे काळवंडणे, रंग गडद होणे, अंधुक प्रकाशात झडप दीर्घकाळ उघडी राहिल्याने आकृती हलणे हे रूढ अर्थाने त्याचे दोषच होते. या विद्यार्थ्यांना त्यांतच ताजेपणा जाणवला. १९९२ मध्ये त्यांनी व्हिएन्ना येथे संस्था स्थापन केली आणि १९९४ मध्ये मॉस्को व न्यूयॉर्क येथे प्रदर्शने भरवली. कॅमेरा सदैव जवळ बाळगावा, दृश्यदर्शकात न पाहताही चित्र घ्यावे, विचार करू नये आणि अखेरीस नियमांचीही पर्वा करू नये, अशा आशयाचे दहा नियम या चळवळीने प्रसृत केले.

या चळवळीचे ऐतिहासिक कार्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. सलोन परंपरेतील गुळगुळीत, निर्दोष चित्राची सत्ता तिने झुगारली आणि सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाला चित्रविषय म्हणून प्रतिष्ठा दिली. हजारो लहान चित्रे एकमेकांस लावून उभारलेल्या भिंतींच्या मांडणीतून एकट्या श्रेष्ठ चित्राची कल्पनाही तिने खिळखिळी केली. परंतु अपघात हेच मूल्य ठरले की निवडीचे प्रयोजन उरत नाही. प्रकाश शिरून लाल झालेली चौकट, एकावर एक पडलेली दोन चित्रे, फिरलेले रंग या प्रत्येकाचे सारख्याच कौतुकाने स्वागत होऊ लागते. सर्वच अपघात सुंदर असतील, तर त्यांपैकी एखादा अर्थपूर्ण कसा ठरला, हे सांगण्याची भाषाच उरत नाही.

संयमाचा दावा

फिल्मच्या समर्थनार्थ दुसराही युक्तिवाद केला जातो आणि तो पहिल्याच्या अगदी उलट आहे. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ चित्रे बसतात. मध्यम आकाराच्या फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरची केवळ १२. प्रत्येक चित्राला पैसे मोजावे लागत असल्याने छायाचित्रकार थांबतो, पाहतो, विचार करतो आणि मगच कळ दाबतो, असे सांगितले जाते. म्हणजे एकाच फिल्मची थोरवी एक गट विचार न करण्यात पाहतो, तर दुसरा विचार करण्यात. हे दोन्ही दावे एकाच मंडळींत सुखाने नांदतात, कारण दोहोंतही लक्ष चित्रावर नसून ते काढण्याच्या रीतीवर आहे.

इतिहास संयमाच्या दाव्याला फारसा दुजोरा देत नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये निधन पावले, तेव्हा त्यांच्यामागे सुमारे अडीच हजार न धुतलेले रोल उरले होते. शिकागो येथे दाई म्हणून काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी आयुष्यभर हौसेने छायाचित्रे काढली. त्यांच्या निगेटिव्हचा साठा २००७ मध्ये लिलावात विकला गेला आणि २००९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ही चित्रे छायाचित्रप्रेमींच्या चर्चेतून जगासमोर आली. त्यांच्या चित्रांची संख्या लाखाच्या पुढे जाते आणि त्यांनीही अनेक रोल धुतलेच नव्हते. फिल्म महाग असते, रोल छोटा असतो. पण म्हणून निवड आपोआप घडत नाही. ती नंतर, शांतपणे, कुणाला तरी करावीच लागते. मायर यांच्या बाबतीत ती प्रामुख्याने इतरांनी केली. त्यामुळे आज ‘मायर यांची दृष्टी’ म्हणून जे ओळखले जाते, त्यात संग्राहकांच्या दृष्टीचा वाटा किती, हा प्रश्न टाळता येत नाही.

रंगाचे श्रेय कोणाचे?

फिल्मप्रेमींच्या चर्चेत ‘या फिल्मचे रंग’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. तांत्रिक दृष्ट्या तो काळजीपूर्वक तपासायला हवा. कोडाक्रोम किंवा एक्टाक्रोमसारख्या पारदर्शिकेत धुतलेली फिल्म हेच अंतिम चित्र असते. तेथे रंगाचे श्रेय फिल्मला देणे बऱ्याच अंशी योग्य ठरते. रंगीत निगेटिव्हची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावर नारिंगी छटा असते आणि रंग उलटे असतात. ही छटा वजा करून, रंग उलटवून, उजेड-अंधाराचे प्रमाण ठरवल्यावरच पाहण्याजोगे चित्र तयार होते. पूर्वी हे काम अंधारखोलीत कागदावर होई. आज ते बहुतांशी स्कॅनर, त्याची संगणकप्रणाली आणि तो चालवणारा कारागीर करतो. एकच निगेटिव्ह दोन ठिकाणी स्कॅन केल्यास दोन निराळ्या रंगसंगती मिळू शकतात. तेव्हा फिल्मच्या नावे होणारी स्तुती अनेकदा प्रयोगशाळेतील अनामिक कारागिराच्या निर्णयाची असते.

अॅन्सेल अॅडम्स यांनी निगेटिव्हची तुलना संगीताच्या लिखित रचनेशी आणि प्रतीची तुलना तिच्या सादरीकरणाशी केली होती. मराठी रसिकाला हे बंदिश आणि गायन यांच्या नात्यावरून सहज कळेल. बंदिश तीच असली तरी मैफल गायकागणिक बदलते. आणि बंदिशीचे नाव उच्चारल्याने गाण्याची समीक्षा होत नाही. फिल्म, भिंग व कॅमेरा यांची नावे सांगून छायाचित्राविषयी काही सांगितले गेले, असा समज मात्र हौशी चर्चेत दृढ झालेला आढळतो.

साधन चित्रापुढे कसे जाते, याचे बोलके उदाहरण म्हणजे कोडाक्रोमचा अखेरचा रोल. कारखान्यातून निघालेला हा रोल स्टीव्ह मॅककरी यांच्याकडे सोपवण्यात आला. २०१० मध्ये त्यांनी त्यावर ३६ चित्रे घेतली. त्यांपैकी काही मुंबईत, हिंदी चित्रपटसृष्टीतील व्यक्तींची आहेत. रोल धुण्यासाठी कॅन्ससमधील पार्सन्स येथील प्रयोगशाळेत नेण्यात आला. या प्रवासाची कथा सर्वत्र सांगितली गेली. त्यांपैकी कोणते चित्र कोडाक्रोमचा संदर्भ काढून घेतल्यावरही उभे राहते, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला गेला.

कॉन्टॅक्ट शीट : पर्यायी निकष

मग फिल्मचे म्हणून खास असे मूल्य उरत नाही काय? ते उरते, परंतु त्याचे स्थान अन्यत्र आहे. रोल हा क्रमाचा दस्तऐवज असतो. फसलेली चौकट त्यातून पुसता येत नाही. आधी काय पाहिले, कोठे पाऊल पुढे टाकले, कोणत्या क्षणी हात थांबला, याची नोंद निगेटिव्हच्या पट्टीवर राहते आणि कॉन्टॅक्ट शीटवर ती एका दृष्टिक्षेपात दिसते. अपघात खरोखर फलदायी ठरला का आणि संयम खरोखर पाळला गेला का, या दोन्ही दाव्यांची परीक्षा येथे होऊ शकते.

डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे घेतलेले स्थलांतरित मातेचे चित्र सर्वपरिचित आहे. त्याच प्रसंगाची अन्य चित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत. काहींत तंबू दिसतो, काहींत भोवतालचे सामान दिसते. प्रसिद्ध चित्रात मात्र चेहरे व हात एवढेच उरतात. ही चित्रे शेजारी ठेवल्यावर काय वगळले गेले आणि त्याने अर्थ कसा बदलला, हे स्पष्ट होते. दयानिता सिंग यांचे २०२१ चे ‘लेट्स सी’ हे पुस्तकही जुन्या कॉन्टॅक्ट शीटकडे पुन्हा वळल्याने सिद्ध झाले आहे. पूर्वी मागे पडलेली चौकट पुढे आणण्याची ही कृती निवडीचाच नव्याने केलेला विचार होय.

हौशी मंडळींच्या चर्चेत एकट्या सुट्या चित्राऐवजी संपूर्ण रोल मांडला गेला, तर बोलण्याचा रोख आपोआप बदलेल. ‘कोणती फिल्म वापरली?’ याऐवजी ‘सातवे का नाही आणि आठवे का?’ असे विचारावे लागेल. महाविद्यालयीन छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षणातही ही पद्धत अवलंबता येण्याजोगी आहे.

समारोप

फिल्मचे पुनरुज्जीवन ही बाजाराची केवळ खेळी नव्हे. एखाद्या कारागिरीवर प्रेम करणाऱ्या सामान्य माणसांनी ती घडवून आणली, ही सांस्कृतिक दृष्ट्या महत्त्वाची घटना आहे. मात्र माध्यम वाचवण्यासाठी जी स्तुतीची भाषा उपयोगी पडली, तीच चित्र पारखण्यास अपुरी ठरते. वस्तूची स्तुती विक्रेत्यालाही सोयीची असते. त्यामुळे नकार देण्याचे सामर्थ्य गमावलेली चर्चा नकळत जाहिरातीचे काम करू लागते. ज्या रसिकांनी फिल्मला मरणाच्या दारातून परत आणले, त्यांनी आता तिच्यावर उमटलेल्या चित्राकडे तितक्याच निष्ठेने आणि आवश्यक तेथे कठोरपणे पाहणे अगत्याचे आहे.