भूगर्भखात्याचें दप्तर आणि इतिहाससंशोधक

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ‘रेकॉर्ड्स’ या नियतकालिकाचा पहिला खंड इ. स. १८६८ चा आहे. त्यांत खात्याचे तत्कालीन प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांचें एक लहानसें टिपण आहे. वाइन नांवाच्या त्यांच्या सहकाऱ्यास पैठणाजवळ मुंगी येथें, गोदावरीनें आणून टाकलेल्या जुन्या गाळाच्या थरांत, अकीकाची एक कपची मिळाली. तिचाच विचार त्या टिपणांत केला आहे. पैठणावर लिहिणारे आमचे लेखक सातवाहनांच्या नाण्यांपासून एकनाथकालीन पोथ्यांपर्यंत सर्व साधनें चाळतात; पण मनुष्याच्या हातच्या या कपचीचा उल्लेख त्यांच्या लेखांत क्वचितच आढळतो. याचें कारण आळस नव्हे. भूगर्भखात्याचें ग्रंथालय हें दुसऱ्याचें घर आहे, तेथें आपलें काय काम, अशी समजूत आमच्या लोकांत आहे. आणि खेदाची गोष्ट ही कीं, सरकारी व्यवस्थाहि पुष्कळ अंशीं त्याच समजुतीवर उभी आहे. त्या व्यवस्थेचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

इ. स. १८५१ मध्यें ओल्डहॅम कलकत्त्यास रुजू झाले तेव्हांपासून या खात्याची अखंड परंपरा धरली जाते. त्याचें मुख्य ग्रंथालय कलकत्त्यास असून नागपूर, हैदराबाद, लखनौ, जयपूर व शिलाँग येथील विभागीय कार्यालयांतहि पुस्तकें व नकाशे आहेत. आमच्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर मुंबई बेटावरील वाइन यांचा ग्रंथ १८६६ चा, दक्षिण कोंकणावरील विल्किन्सन यांचा लेख १८७१ चा, आणि ज्यास इंग्रज ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत त्या प्रदेशावरील ब्रूस फूट यांचा विस्तृत ग्रंथ १८७६ चा. नांवें वाचून हे निव्वळ दगडधोंड्यांचे ग्रंथ वाटतील. पण हीं माणसें आगगाडी नसलेल्या मुलखांत गांवोगांव पायीं किंवा घोड्यावर हिंडलीं. पडक्या खाणी, भट्ट्यांची राख, विहिरींच्या खोल्या त्यांनीं पाहिल्या. ज्या फूटसाहेबांनीं धारवाडकडील डंबळच्या डोंगरांतील सुवर्णयुक्त खडकांवर लिहिलें, त्यांनींच १८६३ मध्यें मद्रासजवळ पल्लावरम येथें पहिलें अश्मयुगीन हत्यार ओळखलें. भूगर्भशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्यांत भिंत घालण्याची कल्पना त्या पिढीस नव्हती.

टॅव्हर्नियरच्या प्रवासवर्णनाचें उदाहरण आमच्या वाचकांस अधिक जवळचें वाटेल. शिवकालावर लिहिणाऱ्या प्रत्येकास तें हाताळावें लागतें. त्याचें १८८९ सालचें दोन भागांतील इंग्रजी भाषांतर व्हॅलेंटाइन बॉल यांचें आहे, हें मुखपृष्ठावरून सर्वांस ठाऊक असतें. पण हे बॉल भूगर्भखात्यांतील अधिकारी होते, याकडे लक्ष जात नाहीं. टॅव्हर्नियरनें लिहिलेलें ‘राओलकोंडा’ म्हणजे रामळकोटा आणि ‘गनी’ अथवा ‘कूलूर’ म्हणजे कृष्णाकांठचें कोल्लूर, हें ज्यानें ठरविलें तो फारसी तवारिखा वाचणारा पंडित नव्हता. हिंदुस्थानांतील खनिजांवर १८८१ मध्यें खात्यानें काढलेला जाडजूड ग्रंथ लिहितांना हिऱ्याच्या, सोन्याच्या व लोखंडाच्या जुन्या खाणींची जिल्हावार माहिती ज्याच्या हाताखालून गेली, असा तो मनुष्य होता. खात्याच्या कागदांवांचून टॅव्हर्नियरचे खाणींवरील तीं प्रकरणें आजहि अंधारांत राहिलीं असतीं. महाबळेश्वराकडील धावड लोक जांभ्या दगडांतून लोखंड गाळीत असत. त्यांच्या धंद्याचा इतिहास कोणास लिहावयाचा असेल तर त्यासहि गॅझेटियरांइतकीच या ग्रंथांची गरज लागेल.

आतां या भांडारांत शिरावें कसें? किल्ल्या दोन आहेत. एक आर. डी. ओल्डहॅम यांनीं १८८८ मध्यें छापलेली, १८८७ अखेरपर्यंतच्या लेखनाची यादी. दुसरी ला टूश यांनीं १९१७ पासून कांहीं भागांत प्रसिद्ध केलेली ग्रंथसूची. ला टूश यांचें काम पाहून आदर वाटतो. लेखकवार यादी देऊन ते थांबले नाहींत, तर उपयुक्त खनिजांची सटीप सूचीहि त्यांनीं जोडली, आणि तींत ओळीदोन ओळींत एवढी माहिती भरली आहे कीं, आमच्याकडील सूचीकारांनीं ती कित्ता म्हणून समोर ठेवावी. परंतु दोन दोष सांगितलेच पाहिजेत. पहिला दोष ग्रामनामांचा. ‘दुखुन’, ‘नरबुद्दा’, ‘टॅप्टी’, ‘कच’ अशा रूपांखालीं दख्खन, नर्मदा, तापी व कच्छ शोधावे लागतात. मोठ्या नद्यांचें हें, तर लहान खेड्यांचें विचारूंच नये. दुसरा दोष सूचीच्या हेतूंतच आहे. ती छापील वाङ्मयाची सूची आहे. जें छापलें गेलें नाहीं तें तिच्या कक्षेबाहेर राहिलें.

छापील ग्रंथांची अडचण अलीकडे पुष्कळ कमी झाली, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. १९५७ च्या कायद्याप्रमाणें सरकारी ग्रंथावरील हक्क प्रकाशनापासून ६० वर्षें टिकतो. तेव्हां वर सांगितलेले सर्व ग्रंथ केव्हांच मुक्त झाले आहेत, आणि जुने ‘मेमॉयर्स’ व ‘रेकॉर्ड्स’ यांच्या छायाप्रती इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणीं कोणासहि फुकट वाचतां येतात. नकाशांच्या बाबतींतहि १५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनीं बरेच जुने निर्बंध सैल केले. किनाऱ्यालगतच्या नकाशांवरील पूर्वीच्या बंधनांचा जाच कोंकणच्या अभ्यासकांस चांगलाच ठाऊक आहे. १९ डिसेंबर २०२३ रोजीं खाण मंत्रालयानें भूवैज्ञानिक माहितीचें एक राष्ट्रीय भांडारहि संगणकावर उघडलें. हें सर्व स्तुत्य आहे. मात्र त्या भांडाराची मांडणी खनिजशोधकाच्या गरजेनुसार झाली आहे. ज्यास तांबें शोधावयाचें आहे त्यास तेथें वाट दिसते. ज्यास तांब्याच्या जुन्या खाणीचा इतिहास शोधावयाचा आहे त्याचा विचार त्या मांडणींत नाहीं.

खरें दप्तर याच्याहि मागें आहे. अधिकाऱ्यांच्या फिरतीच्या रोजनिशा, न छापलेले अहवाल, हातानें रंगविलेले नकाशे व पत्रव्यवहार, हें त्या दप्तराचें स्वरूप. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर छापील मेमॉयर ही बखर होय आणि रोजनिशी हें अस्सल पत्र. बखर म्हटल्यानें ती खोटी ठरत नाहीं. पण तींत सिद्धांतास जुळेल तेवढें येतें व बाकीचें गळतें, हें राजवाड्यांनीं आम्हांस शिकविलें आहे. लोणारच्या सरोवराचें उदाहरण घ्या. ला टूश व क्रिस्टी यांनीं १९१२ मध्यें त्यावर लेख लिहून तें विवर ज्वालामुखीय कारणांनीं झालें असा कल दिला. १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें उल्कापातानें झाल्याचें दाखविलें आणि लेखाचा सिद्धांत मावळला. पण त्यांनीं केलेलें खाऱ्या पाण्याचें व क्षारांचें पृथक्करण मावळलें नाहीं. ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें लोणारच्या क्षारांचा व त्यांपासून येणाऱ्या उत्पन्नाचा निर्देश आहे. त्याचा अर्थ लावूं पाहणाऱ्यास हें पृथक्करण कोणत्याहि सिद्धांतापेक्षां मोलाचें आहे. सिद्धांत बदलतात, पाहिलेलें व मोजलेलें टिकतें. तें मुख्यतः रोजनिशींत असतें.

छापलें न गेल्यास काय होतें, याचें स्मरण नागपूरकरांस करून देण्याची गरज नसावी. पाद्री स्टीफन हिस्लॉप हे खात्याचे नोकर नव्हते. पण नागपूरच्या भूगर्भाचा व जीवाश्मांचा पाया त्यांनींच घातला. टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते ओढ्याच्या पुरांत बुडाले. गोंडादि लोकांसंबंधीं त्यांनीं केलेलीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापलीं म्हणून तीं हाताशीं राहिलीं. प्रत्येकाच्या कागदांस टेंपल मिळत नाहीं.

उलट बाजूनें, भूगर्भशास्त्रासहि आमच्या दप्तरांची तितकीच गरज आहे. भूकंपांच्या अनेक याद्यांत २६ मे १६१८ रोजीं मुंबईस मोठा भूकंप होऊन दोन हजार माणसें मेल्याची नोंद एकाची पाहून दुसऱ्यानें उतरलेली आढळते. अलीकडील चिकित्सक अभ्यासकांच्या मतें तो भूकंप नव्हे, तर वसईच्या किनाऱ्यास झोडपणारें वादळ होतें. मूळ साधनें पाहिल्यावांचून हा निर्णय होणें शक्य नव्हतें. ज्या नोंदींवरून घरें किती मजबूत बांधावीं हें ठरतें त्यांत वादळाचा भूकंप झाला, तर तो नुसता पंडितांचा घोळ राहत नाहीं. कोयना येथें ११ डिसेंबर १९६७ रोजीं आणि किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजीं काय झालें हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. दख्खनचा पाषाण अढळ आहे, ही समजूत तेथेंच संपली. शकावल्यांत व पंचांगांच्या समासांत धरणीकंपाच्या नोंदी मिळतात. त्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांच्या आणि खात्याच्या ग्रंथपालांच्या गांठी पडत नाहींत, हें दोघांचेंहि नुकसान आहे. (आमच्यांतील कांहीं संग्राहक आपले रुमाल सरकारपेक्षांहि घट्ट बांधून ठेवतात, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.)

अधिकाऱ्यांकडून तीन आक्षेप येण्यासारखे आहेत. कागद जीर्ण आहेत. खनिजांच्या माहितीनें सट्टेबाजांचें फावेल. सीमाप्रदेशाची सुरक्षितता आहे. पहिला आक्षेप खरा आहे व त्याचें उत्तर छायाप्रत हें आहे. उरलेले दोन कालच्या अहवालास लागू पडतील. १८७० सालच्या रोजनिशीस ते लावणें हास्यास्पद होईल. कायद्याचें म्हणणेंहि तसेंच आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें वीस वर्षांपूर्वींच्या गोष्टींस बहुतेक अपवादांतून वगळलें आहे. सुरक्षिततेसारखे थोडेच अपवाद शिल्लक ठेवले आहेत. याहून महत्त्वाचें असें कीं, त्याच कायद्याच्या चौथ्या कलमांत प्रत्येक सरकारी कचेरीनें आपलें दप्तर सूचीबद्ध व अनुक्रमणिकायुक्त ठेवावें अशी आज्ञा आहे. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म या आज्ञेंत आहे. दार उघडें असून सूची नसेल तर तें दार बंदच होय; कारण जो कागद आहे हेंच ठाऊक नाहीं तो मागावा कसा?

पेशवे दप्तराचा अनुभव येथें आठवतो. तें आमच्या संशोधकांस दीर्घकाळ मोकळेपणें पाहतां येत नव्हतें. प्रथम वाडांनीं निवडलेले उतारे बाहेर आले. पुढें १९३० ते १९३४ या काळांत सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं ४५ खंड निघाले. त्या खंडांचे आमच्यावर केवढे उपकार आहेत हें सांगणें नको. तरीहि निवड ती निवडच. निवडणाऱ्यानें जें आपल्या प्रश्नास गौण मानलें, तेंच दुसऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर असूं शकतें. म्हणून भूगर्भखात्यानें उद्यां निवडक अहवालांचा सुंदर खंड काढला, तरी आमचें समाधान होऊं नये. आम्हांस हवी ती साधी, कोरडी, रुमालवार यादी: कोणाची रोजनिशी, कोणत्या सालची, कोणता प्रदेश, पानें किती, नकाशे किती.

परदेशांत हें अशक्य ठरलेलें नाहीं. अमेरिकेचें भूगर्भखातें १८७९ चें. त्याचें ग्रंथालय सामान्य नागरिकासहि खुलें आहे, व त्या सरकारच्या प्रकाशनांवर तेथें ग्रंथहक्क नाहींच. इंग्लंडच्या खात्यानें २००९ मध्यें आपले नकाशे व माहिती संगणकावर फुकट पाहण्यास दिली. विंधणविहिरींच्या जुन्या हस्तलिखित नोंदींच्या छायाप्रतीहि तेथें घरबसल्या पाहतां येतात. आपल्या परसांतील विहिरीची शंभर वर्षांपूर्वींची नोंद तेथील शेतकरी पाहतो, आणि त्याबद्दल तो भूगर्भशास्त्रज्ञ आहे काय असें त्यास कोणी विचारीत नाहीं.

आमची सूचना मर्यादित आहे. आरंभ नागपूरच्या विभागीय ग्रंथालयापासून व्हावा. विदर्भ, मराठवाडा, देश व कोंकण यांच्यासंबंधींच्या १९४७ पूर्वींच्या अप्रकाशित कागदांची यादी प्रथम व्हावी, आणि कलकत्त्यास असलेल्या तत्संबंधीं कागदांचे निर्देश तींत यावे. त्या यादीस जुन्या इंग्रजी ग्रामनामांपुढें आजचें नागरी रूप देणारी एक तुलनात्मक सूची लागेल. ‘टॅप्टी’ म्हणजे तापी हें कोणीहि सांगेल. परंतु फिरतीवरील साहेबानें कानावर पडेल तसें लिहिलेलें एखाद्या वाडीचें नांव ओळखण्यास इनामांच्या यादी, गांवझाडे व मोडी कागद ज्यांच्या हाताखालून गेले आहेत अशीं माणसें हवींत. तीं भूगर्भखात्यांत नाहींत. तीं या त्रैमासिकाच्या वर्गणीदारांत आहेत. विल्किन्सन यांच्या १८७१ च्या लेखांतील दक्षिण कोंकणची ग्रामनामें हा त्या सूचीचा पहिला तुकडा करतां येईल, कारण तो लेख आजहि कोणाच्या परवानगीवांचून मिळतो.